खोल खुल्या खाणीच्या भिंतींभोवती खडकातील ताण कसा मोजावा

ओपनकास्ट खाणीची भिंत ढासळते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा सांध्यांची (खडकातील नैसर्गिक भेगांची) दिशा, एखादा मऊ थर किंवा भिंतीमागे साठलेले पाणी असते. खडकातील ताण, म्हणजे खडकाच्या आत दर क्षेत्रफळावर पडणारा जोर, हे मुख्य कारण क्वचितच असते. त्यामुळे ताण मोजण्यावर खर्च करण्याआधी तो आपल्या खाणीत नेमका कुठे उपयोगी पडणार आहे हे स्पष्ट असले पाहिजे. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींच्या भिंती बऱ्याच अंशी जांभा आणि चिकणमातीसारख्या झिजलेल्या खडकाच्या असतात. तिथे ताणमापनाची उपकरणे नेण्यापेक्षा भूजलाचा दाब मोजणारे पिझोमीटर बसवणे कितीतरी शहाणपणाचे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळशाच्या खाणींतही वालुकाश्माचे थर, त्यांतील विभंग (ज्यांवरून खडक सरकलेला असतो अशा मोठ्या भेगा) आणि ओव्हरबर्डनचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, ढिगारे यांचा अभ्यास आधी येतो. चित्र बदलते ते कठीण खडकात तीन-चारशे मीटरांपलीकडे गेलेल्या खाणींत, आणि त्यातही जिथे खुल्या खाणीच्या तळाखाली भूमिगत खाणकाम सुरू होते तिथे. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचा ही जस्त-शिशाची खाण याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे: खुली खाण चारशे मीटरांहून खोल गेली आणि त्याच खनिजपट्ट्याचे काम पुढे जमिनीखालून सुरू झाले. पुढील विवेचन अशा प्रकारच्या खाणीसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढलेली बरी. रडार, प्रिझम (भिंतीवर बसवून सर्वेक्षण यंत्राने टिपायचे परावर्तक) आणि एक्स्टेन्सोमीटर (खडकातील दोन बिंदूंमधल्या अंतरातला बदल मोजणारे उपकरण) ही साधने हालचाल मोजतात, ताण मोजत नाहीत. अमेरिकेतील युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी चौदा-पंधरा कोटी टन खडक खाली आला आणि तरीही कोणाला इजा झाली नाही, कारण हालचाल आधीच टिपली जाऊन माणसे बाहेर काढलेली होती. असा इशारा ताणाच्या मापनातून मिळत नाही. ताणाचे आकडे लागतात ते आराखडा करताना, म्हणजे भिंतीचा कोन, तळाखाली सोडायच्या खडकाची जाडी, भूमिगत बोगद्यांची दिशा आणि संगणकीय मॉडेलच्या कडांवर कोणता भार द्यायचा हे ठरवताना.

प्रश्न आधी ठरवा

मोजायच्या राशी दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे गणित फसते. पहिली राशी म्हणजे खोदकामाने न ढवळलेला मूळ ताण, आणि दुसरी म्हणजे खाण खणल्यामुळे भिंतीभोवती नव्याने वाटला गेलेला ताण. खड्ड्याच्या जागी असलेल्या खडकातून जो आडवा ताण पूर्वी सरळ पलीकडे जात होता, त्याला खडक काढल्यावर तळाखालून आणि दोन्ही टोकांना वळसा घालून जावे लागते. त्यामुळे भिंतीचा पायथा आणि तळ इथे तो एकवटतो, तर माथ्याजवळ आणि भिंतीच्या वरच्या भागात खडक सैल पडतो. नकाशावर पाहता जिथे भिंत आतल्या बाजूला गोलाकार वळलेली असते तिथे वळणाच्या दिशेने दाब टिकून राहतो आणि तो सहसा भिंतीला उपकारक ठरतो; याउलट जिथे भिंतीचे नाक खाणीत पुढे आलेले असते तिथे खडकाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे काहीच उरत नाही आणि सांधे उघडू लागतात.

यावरून मोजण्यासारख्या जागा आपोआप निवडल्या जातात: पायथा, तळ, पुढे आलेली नाके आणि खुल्या खाणीचा तळ व भूमिगत पोकळी यांच्यामधला खडकाचा पट्टा, म्हणजेच क्राउन पिलर. माझ्या मते या चारांपैकी पैसे खर्च करण्याचा सर्वांत ठाम हक्क क्राउन पिलरचा आहे, कारण तिथे ताण जास्त झाला तरी खडक फुटतो आणि कमी झाला तरी सांध्यांमधून सुटतो.

कागदावरचा अंदाज

बोअर मारण्याआधी अपेक्षित आकडा काढून ठेवावा. नंतर आलेले मापन पटण्याजोगे आहे की नाही हे ओळखण्याचा तोच पहिला आधार असतो. उभा ताण वरच्या खडकाच्या वजनाइतका धरतात. कठीण खडकासाठी तो दर मीटरला सुमारे ०.०२७ मेगापास्कल येतो, म्हणजे ४०० मीटरांवर साधारण १०.८ मेगापास्कल. आडव्या ताणाचे असे सोपे नाते नाही. धनबादच्या केंद्रीय खनन संशोधन संस्थेतील पी. आर. शेओरी यांनी १९९४ मध्ये मांडलेले सूत्र यासाठी जगभर वापरले जाते. आडव्या आणि उभ्या ताणाचे गुणोत्तर काढण्यासाठी एक भागिले मीटरमधील खोली करून त्यात ०.००१ मिळवावे, त्या बेरजेला गिगापास्कलमधील खडकाच्या आडव्या प्रत्यास्थता गुणांकाने (खडक किती कडक आहे त्याच्या मापाने) आणि ७ ने गुणावे, आणि शेवटी ०.२५ मिळवावे.

प्रत्यास्थता गुणांक ५० गिगापास्कल धरला तर १०० मीटरांवर हे गुणोत्तर ४.१ येते, म्हणजे उभा ताण २.७ मेगापास्कल असताना आडवा सुमारे ११ मेगापास्कल. ४०० मीटरांवर तेच गुणोत्तर जवळजवळ १.५ पर्यंत उतरते आणि आडवा ताण १६ मेगापास्कलच्या आसपास राहतो. पण खडकराशी सांध्यांनी पोखरलेली असून गुणांक फक्त १० गिगापास्कल असेल, तर ४०० मीटरांवर गुणोत्तर ०.५ च्या घरात येते. एवढा फरक केवळ एका गुणांकामुळे पडतो, म्हणून प्रयोगशाळेतील अखंड नमुन्याचा आकडा जसाच्या तसा न घेता सांध्यांचा विचार करून कमी केलेला, खडकराशीचा आकडा वापरावा. हे सूत्र दोन आडव्या ताणांतला फरक सांगत नाही आणि दिशाही सांगत नाही. भारतीय भूपट्टात मोठा आडवा ताण ढोबळमानाने उत्तर-ईशान्येकडे कललेला असतो, परंतु स्थानिक विभंग आणि वळ्या ही दिशा सहज फिरवू शकतात.

जागा आणि बोअर

मूळ ताण हवा असेल तर खाणीच्या प्रभावाबाहेर जावे लागते. साधा ठोकताळा असा की माथ्यापासून खाणीच्या खोलीच्या दीड-दोन पट दूर बोअर घ्यावी. भूमिगत बोगदा उपलब्ध असेल तर तो खड्ड्यापासून पुरेसा लांब असल्याची खात्री करावी आणि बोअरमध्ये बोगद्याच्या रुंदीच्या किमान दीड-दोन पट आत गेल्यावरच पहिली चाचणी घ्यावी. बदललेला ताण हवा असेल तर उलट भिंतीजवळच मोजायचे असते. पण तिथेही स्फोटांनी खिळखिळा झालेला पृष्ठभागालगतचा भाग ओलांडून, निदान बेंचच्या (भिंतीत कापलेल्या पायरीच्या) उंचीइतके आत जावे. मोठ्या विभंगाच्या दोन्ही बाजूंना ताण वेगळा असू शकतो. त्यामुळे विभंगाला खेटून घेतलेले मापन फक्त त्या विभंगापुरतेच बोलते.

बेंचवर ड्रिल उभी करताना माणसे वरच्या भिंतीच्या सावलीत दिवसचे दिवस काम करणार असतात. वरची बेंच साफ करून घेणे, दगड अडवणारा बांध घालणे आणि स्फोटांच्या वेळा ठरवून घेणे हा मापनाच्या आराखड्याचाच भाग समजावा.

आधीच्या बोअरमधून मिळणारी माहिती

नवीन खर्च करण्यापूर्वी जुन्या कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांच्या, पेट्या उघडाव्यात. कोअर बिस्किटांसारख्या पातळ चकत्यांत तुटलेली दिसली, आणि ते तुटणे पत्रणाच्या (खडकातील पापुद्र्यांच्या) पातळीवर नसेल, तर त्या खोलीवर खडकाच्या ताकदीच्या मानाने ताण मोठा आहे. सांध्यांच्या नोंदीसाठी बोअरमध्ये सोडलेल्या ॲकॉस्टिक टेलिव्ह्यूअरच्या (ध्वनिलहरींनी भोकाच्या भिंतीचे चित्र घेणाऱ्या उपकरणाच्या) चित्रांतही ताणाची दिशा दडलेली असते: भोकाच्या भिंतीचे कपचे जिथे समोरासमोर उडालेले असतात ती लहान आडव्या ताणाची दिशा, आणि ड्रिलिंगमुळे पडलेल्या उभ्या चिरा असतील तर त्या मोठ्या आडव्या ताणाच्या दिशेत असतात. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीने कोयना परिसरातील गोठणे येथे घेतलेल्या सुमारे तीन किलोमीटर खोल बोअरमध्येही अशा चित्रांचा ताणाची दिशा ठरवण्यासाठी उपयोग झाला. यातून दिशा मिळते, आकडा मिळत नाही. तरीही पुढच्या चाचण्यांची दिशा पडताळायला हा स्वतंत्र पुरावा फार मोलाचा ठरतो.

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग

जमिनीवरून खोल उभ्या बोअरमध्ये मोजायचे असेल तर पाण्याच्या दाबाने खडक फोडून ताण काढण्याची ही पद्धत सर्वांत व्यवहार्य आहे. भारतात कोलार गोल्ड फील्ड्स येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्थानाने या पद्धतीने अनेक प्रकल्पांसाठी मापने केली आहेत.

प्रथम कोअर आणि टेलिव्ह्यूअरच्या नोंदी पाहून सांधे नसलेले, साधारण मीटरभर लांबीचे तुकडे निवडावेत. एका बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलींवर आठ-दहा तुकडे हाताशी ठेवावेत, कारण काही चाचण्या वाया जातातच. दोन फुगवता येणारे पॅकर (भोक बंद करणारे रबरी बोळे) अशा तुकड्याच्या वर आणि खाली बसवून मधली जागा बंद करावी. आधी थोडा दाब देऊन तो किती वेगाने उतरतो ते पाहावे. झपाट्याने उतरला तर तिथे न दिसलेली भेग आहे किंवा पॅकर गळतो आहे, आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यानंतर एकसारख्या प्रवाहाने पाणी पंप करत राहावे. दाब चढत जाऊन एका क्षणी खडक फुटतो आणि दाब कोसळतो. पंप तत्काळ बंद करावा, दाब उतरून स्थिरावू द्यावा, मग पाणी सोडून द्यावे. हीच क्रिया आणखी किमान तीन वेळा करावी, आणि प्रत्येक वेळी भेग पुन्हा उघडतानाचा दाब आणि पंप बंद केल्यावरचा दाब टिपावा. सर्वांत शेवटी मऊ रबराचे वेष्टन आणि होकायंत्र असलेला छाप घेणारा पॅकर त्याच जागी फुगवून भेगेची दिशा घ्यावी.

पंप बंद केल्यावरचा दाब म्हणजे भेगेला लंब असलेला ताण. उभ्या बोअरमध्ये भेग उभी असेल तर तो लहान आडवा ताण होय. मोठा आडवा ताण काढण्यासाठी लहान ताणाच्या तिपटीतून भेग पुन्हा उघडण्याचा दाब आणि खडकातील पाण्याचा मूळ दाब हे दोन्ही वजा करतात. समजा २०० मीटर खोलीवर पंप बंद केल्यावरचा दाब ६.५, पुन्हा उघडण्याचा दाब ९ आणि भूजलाचा दाब १.५ मेगापास्कल आला, तर मोठा आडवा ताण १९.५ वजा ९ वजा १.५, म्हणजे ९ मेगापास्कल. उभा ताण इथे ५.४ मेगापास्कलच्या जवळपास असल्याने दोन्ही आडवे ताण त्याहून मोठे आहेत, आणि उथळ कठीण खडकात हे अपेक्षितच आहे. अशा ठिकाणी एक धोका लक्षात ठेवावा: सर्वांत लहान ताण उभा असल्यामुळे भेग वाढताना आडवी वळू शकते, आणि मग नंतरच्या फेऱ्यांतला बंद दाब (पंप बंद केल्यावरचा दाब) केवळ वरच्या खडकाचे वजन सांगतो. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतील बंद दाबांत मोठी घसरण दिसली तर ही शंका घ्यावी.

दाबाचा सेन्सर जमिनीवर असेल तर नळीतल्या पाण्याच्या स्तंभाचा दाब मिळवायला विसरू नये. २०० मीटरांवर तो जवळजवळ २ मेगापास्कल असतो, आणि वरच्या उदाहरणात एवढ्या चुकीने सारे निष्कर्ष उलटले असते. खोलीवरच बसणारा सेन्सर मिळत असेल तर तोच वापरावा.

या साऱ्या गणितामागे एक गृहीत आहे, ते म्हणजे उभी दिशा ही ताणाची एक मुख्य दिशा आहे. खाणीपासून दूर ते बहुधा चालते. भिंतीलगत चालत नाही, कारण तिथे मुख्य दिशा भिंतीच्या उताराला समांतर वळलेल्या असतात. त्या ठिकाणी आधीपासून असलेल्या, वेगवेगळ्या दिशांच्या सांध्यांवर पाणी सोडून प्रत्येकाचा बंद दाब घेण्याची पद्धत वापरावी. ताणाच्या सहा अज्ञात घटकांसाठी सहापेक्षा बरेच जास्त, आणि दिशांत खरोखर वैविध्य असलेले सांधे लागतात. एकाच संचातले दहा सांधे घेतले तरी उत्तर निघत नाही.

ओव्हरकोअरिंग

भूमिगत बोगद्यातून किंवा बेंचवरून थोड्या अंतरावर ताणाचे सहाही घटक एकाच चाचणीत हवे असतील तर ही पद्धत निवडावी. तत्त्व सरळ आहे: भोकात स्ट्रेन गेज (खडकाचे सूक्ष्म लांबणे-आकसणे मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवायचे, त्याभोवतीचा खडक मोठ्या कोअर बिटने कापून शेजारच्या खडकापासून मोकळा करायचा, आणि ताण सुटल्यावर खडक किती प्रसरण पावला ते मोजायचे. प्रत्यक्षात मात्र यशापयश जवळजवळ पूर्णपणे स्वच्छता, चिकटवण आणि तापमान यांवर ठरते.

सुमारे १५० मिलिमीटर व्यासाची बोअर चाचणीच्या जागेपर्यंत न्यावी. ती तीन ते पाच अंश वर चढती ठेवली तर पाणी आणि भुकटी आपोआप बाहेर येते. तळ सपाट करून त्याच्या अचूक मध्यातून ३८ मिलिमीटर व्यासाचे, अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीचे लहान भोक घ्यावे आणि त्यातली बारीक कोअर लगेच तपासावी. तिच्यात सांधा, शीर किंवा खूप मोठे स्फटिक दिसले तर तिथे सेल (गेज बसवलेले मापन-उपकरण) वाया घालवू नये; मोठी बोअर पुढे न्यावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. हा निर्णय घेताना ड्रिलिंगचा कंत्राटदार घाई करतो, म्हणून प्रत्येक प्रयत्नामागे पैसे देण्याऐवजी मीटर आणि तासांवर करार केलेला बरा.

भोक आधी पाण्याने आणि मग ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडे करावे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या एचआय सेलमध्ये १२ स्ट्रेन गेज आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. सेलमध्ये इपॉक्सी भरून, दिशा नोंदवून तो आत ढकलला की दट्ट्या दबून इपॉक्सी सेल आणि खडक यांच्यामधल्या फटीत पसरते. इपॉक्सी खडकाच्या तापमानाला साजेशी निवडावी आणि ती पक्की होण्यास रात्रभर, गरज पडल्यास अधिक वेळ द्यावा. अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीवर घेतलेली चाचणी वरकरणी चांगली दिसते, पण नंतर तिचे आकडे सरकत राहतात.

दुसऱ्या दिवशी कापण्यापूर्वी ड्रिलचे पाणी चालू करून ते नुसते खेळवत ठेवावे, आणि सर्व गेजचे आकडे व तापमान स्थिर झाल्यावरच शून्य नोंद घ्यावी. मग संथ, एकसमान गतीने कापत जावे आणि दर एक-दोन सेंटिमीटरला नोंद घ्यावी. बिट गेजच्या पातळीजवळ आली की आकडे वेगाने बदलतात, काही गेज आधी उलट्या दिशेनेही जातात, आणि बिट बरीच पुढे गेल्यावर आलेख सपाट होतो. तो सपाट झाला नाही तर कोअर फुटली आहे, चिकटवण सुटली आहे किंवा तापमान अजून बदलते आहे. कापणे थांबल्यावरही पाणी चालू ठेवून, तापमान सुरुवातीच्या जवळ आल्यावर शेवटची नोंद घ्यावी.

सेलसह बाहेर आलेली जाड पोकळ कोअर शक्यतो त्याच दिवशी बायअ‍ॅक्सियल कक्षात घालावी. बाहेरून तेलाचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवत आणि उतरवत गेजचे वाचन घेतले की प्रत्यास्थता गुणांक आणि पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावर खडक आडवा किती फुगतो त्याचे माप) मिळते. चढतानाचा आणि उतरतानाचा आलेख फारच वेगळा आला किंवा वेगवेगळ्या दिशांच्या गेजवरून वेगवेगळे गुणांक आले, तर खडक एकजिनसी नाही. रामपुरा आगुचाच्या परिसरातल्यासारख्या पत्रित, म्हणजे पापुद्रे असलेल्या, नाइस खडकात हे नेहमीचेच आहे, आणि तिथे एकजिनसी खडकाचे तयार सूत्र वापरल्यास ताणाची दिशा पत्रणाकडे ओढली जाते.

सहा अज्ञात आणि १२ वाचने असल्याने लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे सर्व वाचनांशी एकूण तफावत सर्वांत कमी राहील असे, उत्तर काढतात. कोणत्या गेजचे वाचन बाकीच्यांशी जुळत नाही हे पाहून एखादे वगळणे योग्य आहे, पण वगळण्याचे कारण आलेखात दिसले पाहिजे. उत्तर आवडले नाही म्हणून गेज वगळू नये. एका जागी परस्परांशी जुळणाऱ्या किमान तीन चाचण्या मिळेपर्यंत काम संपले असे मानू नये.

पृष्ठभागावर खाच पाडून त्यात सपाट जॅक (आतून दाब देऊन फुगवायची पातळ पेटी) बसवण्याची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण खुल्या खाणीच्या स्फोटांनी तडकलेल्या भिंतीवर तिचा फारसा भरवसा धरू नये. भूमिगत बोगद्यात यंत्राने कापलेल्या भिंतीवर ती चालते.

मॉडेलशी जुळवणी

खाणीचा आकार, मुख्य विभंग आणि खडकांचे प्रकार घालून त्रिमितीय मॉडेल करावे, त्याच्या कडांवर मूळ ताण द्यावा, मग प्रत्यक्ष ज्या क्रमाने खोदकाम झाले त्याच क्रमाने खडक काढत जावे आणि मोजलेल्या प्रत्येक बिंदूवर मॉडेल काय सांगते ते पाहावे. भिंतीच्या मोकळ्या पृष्ठभागावर लंब दिशेचा ताण शून्य असतो. तेव्हा भिंतीलगतच्या मापनात सर्वांत लहान ताण भिंतीला साधारण लंब आणि छोटा यायला हवा. तसे नसेल तर आधी बोअरच्या दिशेची नोंद तपासावी. उभा ताण वजनाच्या अंदाजापेक्षा दुपटीने वेगळा आला आणि जवळपास विभंग वा उंच डोंगर नसेल, तर मापनावर शंका घ्यावी. मॉडेल आणि मापन जुळेपर्यंत गुणांक फिरवत बसण्याचा मोह आवरावा. जे बदलले त्याला कोअरचा किंवा सांध्यांच्या नोंदींचा आधार हवा.

पुढचे बदल टिपणे

भिंत मागे नेण्याचे किंवा तळाखाली नवा स्टोप (खनिज काढण्याची भूमिगत पोकळी) काढण्याचे काम सुरू होण्याआधीच पायथ्याखाली आणि क्राउन पिलरमध्ये कायमचे सेल किंवा व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेसमीटर बसवावेत. ते बसवल्यापासूनचा बदलच दाखवतात, एकूण ताण दाखवत नाहीत. म्हणून मूळ मापनाशिवाय त्यांचा आकडा अपुरा असतो. प्रत्येक वाचनासोबत तापमान, स्फोटाची तारीख आणि त्या दिवशीची खोदकामाची स्थिती नोंदवावी. ताण वाढत वाढत जाऊन अचानक घसरला तर खडक फुटून भार शेजारी गेल्याची शक्यता असते, आणि तेव्हा एक्स्टेन्सोमीटरचे वाचन त्याच दिवशी पाहावे. दक्षिण आफ्रिकेतील पालाबोरा येथे खुल्या तांब्याच्या खाणीखाली ब्लॉक केव्हिंग (खनिज खालून पोखरून आपल्याच वजनाने कोसळू देण्याची पद्धत) सुरू झाल्यानंतर वरची एक मोठी भिंत खचली, त्यामुळे अशा संक्रमणात वरची आणि खालची निरीक्षणे वेगवेगळ्या विभागांच्या कपाटांत पडून राहणे परवडत नाही.

अहवाल

कोळसा खाणींसाठीच्या २०१७ च्या नियमावलीत भिंती आणि ढिगाऱ्यांचे उतार वैज्ञानिक अभ्यासाच्या आधारे ठरवणे अपेक्षित आहे, आणि धातूंच्या खोल खाणींतही असा अभ्यास तपासणाऱ्याला कच्च्या नोंदींपर्यंत जाता आले पाहिजे. म्हणून अहवालात अंतिम ताणांसोबत प्रत्येक चाचणीचा दाब-वेळ किंवा स्ट्रेन-अंतर आलेख, कोअरची छायाचित्रे, बायअ‍ॅक्सियल चाचणी, वगळलेली वाचने आणि अयशस्वी चाचण्याही द्याव्यात. दाब धन मानला आहे की ऋण, हे पहिल्याच पानावर लिहावे. दिशा खाणीच्या स्थानिक ग्रिडच्या उत्तरेपासून आहेत, खऱ्या उत्तरेपासून आहेत की चुंबकीय उत्तरेपासून, हे प्रत्येक तक्त्यावर स्वतंत्रपणे नमूद करावे. अनेक खाणींचे ग्रिड खनिजपट्ट्याच्या लांबीला समांतर फिरवलेले असतात, आणि सल्लागाराने खऱ्या उत्तरेवर दिलेली दिशा नियोजन विभागाने ग्रिडवर तशीच उतरवली तर मोठ्या ताणाला समांतर ठेवायचा बोगदा त्याला आडवा जाऊन बसतो.